अंड्यातील पिल्लाची धडपड : मदत केव्हा, किती आणि कशी?

घराच्या आडोशाला, भाताचा पेंढा घातलेल्या टोपलीत खुडूक कोंबडी बसवून एकवीस दिवस झालेले असतात. बारा अंड्यांपैकी आठ-नऊ अंड्यांतून पिल्ले बाहेर पडून आईच्या पंखांखाली शिरलेली असतात. एका अंड्याला मात्र कालपासून नुसता तडा गेलेला आहे. आतून क्षीण चिवचिव ऐकू येते, चोचीचे टोक मधूनच हलते आणि पुन्हा सारे शांत होते. घरातील मुलांचा जीव वरखाली होतो. कोणीतरी म्हणते, "बिचारे अडकले आहे, कवच काढून टाकू या." दोन मिनिटांत कवच निघते, पिल्लू तळहातावर येते आणि थोड्याच वेळात बेंबीपाशी रक्त येऊन ते मान टाकते.

दयेपोटी केलेल्या कृतीचा असा शेवट अनेक घरांनी पाहिला आहे. परसातील गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे पन्नास ते साठ अंडी देते. विकून आणि खाऊन जी उरतात, त्यांतूनच उबविण्यासाठी अंडी राखली जातात. अशा कुटुंबाच्या दृष्टीने एकेका पिल्लाचे मोल मोठे असते. म्हणूनच अंड्यातून बाहेर पडताना रेंगाळणाऱ्या पिल्लाला मदत करावी की करू नये, करावयाची तर ती केव्हा आणि कशी, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. त्याचे उत्तर मिळण्यासाठी कवचाच्या आत त्या वेळी नेमके काय चाललेले असते, हे प्रथम समजून घ्यावयास हवे.

कवचाआडचा श्वास

संस्कृतात पक्ष्याला 'द्विज' असे एक नाव आहे. एकदा अंड्याच्या रूपाने आणि पुन्हा अंड्यातून बाहेर पडताना, असा तो दोनदा जन्मतो, ही त्यामागील कल्पना होय. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही हा दुसरा जन्म पहिल्याइतकाच मोठा बदल असतो.

कोंबडीच्या अंड्याचे कवच घट्ट दिसत असले तरी त्याला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. पक्ष्यांच्या अंड्यांच्या श्वसनाचा सखोल अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हर्मन रान आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली दिलेल्या हिशेबानुसार, साठ ग्रॅम वजनाचे अंडे एकवीस दिवसांत सुमारे सहा लिटर प्राणवायू आत घेते, साडेचार लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते आणि त्यातून सुमारे अकरा लिटर पाण्याची वाफ निघून जाते. ही वाफ म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम पाणी. तेवढे पाणी कमी झाल्यामुळे अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची पोकळी तयार होते आणि दिवसागणिक वाढत जाते. पुढे पिल्लाचा पहिला श्वास याच पोकळीत घेतला जातो.

तोपर्यंत पिल्लाची फुप्फुसे कामाला लागलेली नसतात. कवचाच्या आत पातळ पापुद्रे असून त्यांना लागून रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते. छिद्रांतून येणारा प्राणवायू हेच जाळे शोषून घेते. थोडक्यात, मानवी गर्भाला जशी वार, तसे पिल्लाला हे जाळे असते. ते रक्ताने भरलेले असताना कवच ओढून काढणे म्हणजे वार सुटण्यापूर्वीच ती फाडण्यासारखे आहे. घाईने सोडविलेली पिल्ले रक्तस्राव होऊन मरतात, त्याचे कारण हेच.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू अंड्यातील बहुतेक जागा व्यापते आणि बाहेर पडण्याच्या स्थितीत येते. डोके रुंद टोकाकडे, उजव्या पंखाखाली आणि चोच हवेच्या पोकळीच्या दिशेने, अशी ही स्थिती असते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी ते आतील पापुद्रा चोचीने भेदते आणि पोकळीतील हवा फुप्फुसांत घेऊ लागते. अखंड अंड्यातून ऐकू येणारी चिवचिव ही या श्वासाची खूण होय.

पोकळीतील हवा थोडी असते. तिच्यातील प्राणवायू घटतो, कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि मानेचे स्नायू आचके देऊ लागतात. मानेच्या मागील बाजूस असलेला एक स्नायू या काळात खास फुगलेला असतो. चोचीच्या टोकावर 'अंडदंत' नावाचा टणक उंचवटा असतो. स्नायूच्या झटक्याने हा अंडदंत कवचावर आपटतो आणि पहिला तडा जातो. काम संपले की तो स्नायू ओसरतो आणि अंडदंतही काही दिवसांत गळून पडतो. निसर्गाने ही दोन्ही साधने एवढ्या एका कामासाठी दिलेली आहेत.

घोटाळा होतो तो यानंतर. पहिला तडा गेला की पिल्लू आता बाहेर येणारच, अशी पाहणाऱ्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पिल्लू कित्येक तास जवळजवळ स्वस्थ पडून राहते. तड्यापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे हे सर्वसाधारण आहे. या काळात दोन मोठी कामे चालू असतात. फुप्फुसांनी श्वसनाचा भार उचलल्यामुळे जाळ्यातील रक्त हळूहळू शरीरात परत येते आणि वाहिन्या रित्या होऊन सुकतात. दुसरे, शिल्लक राहिलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जाऊन बेंबी मिटते. हा बलक पिल्लाची शिदोरीच होय. तिच्या बळावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याविना तग धरू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांतून दूरवर पाठविता येतात ती यामुळेच.

ही कामे पुरी झाली म्हणजे पिल्लू आतल्या आत फिरत कवच गोलाकार कापत जाते आणि टोपणासारखा भाग ढकलून बाहेर पडते. हा शेवटचा टप्पा बहुधा तास-दोन तासांत आटोपतो. म्हणजेच आपण ज्याला 'अडकणे' समजतो, ते बहुतेक वेळा अडकणे नसून तयारी असते. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, तसे घाई केल्याने ते लवकरही फुटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात लावा पक्ष्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. एकमेकांना चिकटून ठेवलेल्या अंड्यांतील पिल्ले श्वासाबरोबर होणाऱ्या टिकटिक आवाजाने परस्परांना जणू इशारा देतात आणि जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात, असे त्यांना आढळले. कोंबडीच्या पिल्लांचाही असा आवाज होतो. तडा गेलेले अंडे उगाच वेगळे काढून ठेवू नये, हे यावरून ध्यानात येईल.

तयारी की खरी अडचण?

मग खरी अडचण ओळखावी कशी? त्यासाठी प्रथम दिवसांची मोजणी बिनचूक हवी. अंडी ज्या दिवशी ठेवली तो दिवस धरावयाचा नसतो. एक तारखेला ठेवलेली अंडी बावीस तारखेस फुटतात. टोपलीत दुसऱ्या कोंबडीने नंतर अंडे घातल्यास ते साहजिकच मागे राहते. म्हणून बसविताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी. कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली असल्यास त्यांना सुमारे अठ्ठावीस दिवस लागतात आणि तड्यानंतरही बदकाचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा अधिक वेळ घेते.

मोजणी बरोबर असून तडा जाऊन चोवीस तास उलटले, बरोबरीची बहुतेक पिल्ले बाहेर आली आणि तरीही भोक वाढलेले नसेल, तर त्या अंड्याकडे विशेष लक्ष द्यावे. अडचणीचे प्रकार मुख्यतः तीन असतात.

पहिला, पापुद्रा सुकण्याचा. उबवणी यंत्राचे झाकण वारंवार उघडले किंवा हवा फार कोरडी असली, तर भोकाभोवतीचा पांढरा, ओलसर पापुद्रा पिवळट-तपकिरी होऊन चामड्यासारखा ताठ होतो आणि पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो. पिल्लू सशक्त असूनही त्याला फिरता येत नाही. मदतीने वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती याच प्रकारात.

दुसरा, याच्या उलट. उबविण्याच्या काळात आर्द्रता फार राहिली तर अंड्यातून पुरेसे पाणी निघून जात नाही. हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर व चिकट होते आणि कधी कधी द्रवात गुदमरते.

तिसरा, चुकीच्या स्थितीचा. डोके निमुळत्या टोकाकडे असले की तडा भलत्या जागी जातो. तेथे हवेची पोकळी नसल्याने श्वास घेणे कठीण होते. तरीही अशी काही पिल्ले आपली आपण बाहेर पडतात.

मदतीची रीत

चोवीस तास वाट पाहिल्यानंतर, पिल्लू जिवंत असल्याची खात्री करूनच पुढील रीतीने काम करावे.

हात साबणाने स्वच्छ धुवावेत. उकळून कोमट केलेले पाणी, स्वच्छ कापूस आणि बोथट टोकाचा चिमटा एवढे साहित्य पुरते. खोलीत वारा नसावा. अंडे एका वेळी काही मिनिटांपेक्षा अधिक काळ उबेबाहेर ठेवू नये.

प्रथम चोचीपाशी असलेले भोक कवचाचे बारीक तुकडे काढून किंचित मोठे करावे, म्हणजे श्वास मोकळा होईल. पुष्कळदा एवढी मदत पुरेशी ठरते. अंडे परत उबेत ठेवून काही तास थांबावे.

त्यानंतरही प्रगती नसेल, तर रुंद टोकाकडील, हवेच्या पोकळीवरील कवच तेवढे कणाकणाने काढावे. आतील पापुद्रा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने ओलसर करावा. चोच व नाकपुड्या यांना पाणी लागू देऊ नये. ओला झाल्यावर पापुद्रा काहीसा पारदर्शक होतो आणि त्यातील रक्तवाहिन्या दिसू लागतात. निर्णय घ्यावयाचा तो या क्षणी. वाहिन्या लाल व भरलेल्या दिसल्या, तर पिल्लू अजून तयार नाही असे समजावे. हात आवरावा, अंडे उबेत व दमट हवेत परत ठेवावे आणि तीन-चार तासांनी पुन्हा पाहावे. रक्ताचा थेंब जरी दिसला, तरी त्या जागी स्वच्छ कापूस हलकेच दाबून धरावा व काम थांबवावे.

वाहिन्या सुकलेल्या दिसल्या, तर पापुद्रा चोचीपासून मागे सारून डोके मोकळे करावे. यापुढे मात्र काही करू नये. खालचे अर्धे कवच तसेच राहू द्यावे आणि पाय झाडून बाहेर येण्याचे काम पिल्लावर सोपवावे. बलक पूर्णपणे आत गेलेला आहे किंवा नाही, हे बाहेरून दिसत नाही. पिल्लाला ओढून काढल्यास उघडी बेंबी फाटण्याचा धोका असतो. चुकीच्या स्थितीतील पिल्लाच्या बाबतीत श्वासापुरते भोक करून थांबणेच श्रेयस्कर.

बाहेर आलेले पिल्लू उबेत पूर्ण सुकू द्यावे. बेंबी ओलसर दिसल्यास तिला सौम्य आयोडीन लावावे. पाय फाकत असल्यास दोन्ही पायांना मऊ पट्टीचा सैल बंध काही दिवस घालतात. पायाखाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद न घालता खरखरीत कापड घालावे, म्हणजे पाय घसरत नाहीत.

हे सारे करूनही काही पिल्ले वाचत नाहीत, हे सांगितले पाहिजे. मुळात अशक्त किंवा व्यंग असलेले पिल्लू अनेकदा कवचातच मागे पडते. मदतीने ते बाहेर आले तरी त्याची वाढ खुंटते. अशी कोंबडी पुढे पैदाशीसाठी राखू नये. मोठ्या अंडी उबवणी केंद्रांत ठरलेल्या वेळेनंतर उरलेली अंडी बाजूला काढतात. तेथे हजारो अंड्यांचा हिशेब असतो. याउलट, राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोक पक्ष्याची अंडी यंत्रात उबविण्याचे काम चालू आहे. अशा दुर्मीळ पक्ष्याच्या एकेका अंड्यामागे माणसे जागतात. परसातील कोंबडीचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. तिच्यासाठी थोडा धीर आणि थोडे कौशल्य पुरेसे होते.

खरी मदत एकवीस दिवस आधी

कवच फोडून करावयाची मदत हा शेवटचा उपाय होय. ती करण्याची वेळच येऊ नये, यासाठी करावयाचे काम अंडी बसविण्यापूर्वीच सुरू होते.

उबविण्यासाठी मध्यम आकाराची, स्वच्छ आणि तडा नसलेली अंडी निवडावीत. अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे. ते रुंद टोक वर करून थंड जागी ठेवावे. सुमारे एकवीस अंश सेल्सिअसच्या वर अंड्यातील गर्भ हळूहळू वाढू लागतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील घरांत ठेवलेल्या अंड्यांत ही वाढ अर्धवट होऊन थांबते आणि गर्भ दुबळा होतो. यावर साधा उपाय आहे. मातीचे मडके ओल्या वाळूत अर्धे पुरून त्यात अंडी ठेवावीत, तोंडावर ओलसर फडके बांधावे आणि वाळू सुकू देऊ नये.

खुडूक कोंबडीला तिच्या अंगाखाली मावतील एवढीच, म्हणजे दहा ते बारा अंडी द्यावीत. बसविण्यापूर्वी तिच्या अंगावरील उवा-गोचिडांचा बंदोबस्त करावा. त्यांच्या त्रासाने कोंबडी वारंवार उठते व अंडी गार पडतात. दाणापाणी टोपलीजवळच असावे. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या झोतासमोर अंडी धरून पाहावीत. रक्तवाहिन्यांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर अंडे फलित आहे. स्वच्छ दिसणारी अंडी काढून घ्यावीत.

पंखा असलेल्या उबवणी यंत्रात सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस तापमान ठेवतात. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास ते साठ टक्के आणि अखेरचे तीन दिवस पासष्ट ते पंचाहत्तर टक्के असावी. अठरा दिवसांपर्यंत अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावीत. त्यानंतर फिरविणे बंद करावे आणि यंत्र विनाकारण उघडू नये. एक पिल्लू पाहण्यासाठी उघडलेले झाकण उरलेल्या अंड्यांचे पापुद्रे सुकविते.

कोंबडीच्या आहाराचाही येथे संबंध पोचतो. तिच्या खाद्यात रायबोफ्लेविन, ब-१२ ही जीवनसत्त्वे किंवा मँगनीज कमी पडले, तर गर्भ कवचातच मरतात किंवा पिल्ले दुबळी निघतात. केवळ धान्याच्या कण्यांवर वाढणाऱ्या कोंबड्यांना हिरवा पाला, किडे-वाळवी आणि शिंपल्यांचा चुरा मिळाला पाहिजे. पांढऱ्या हगवणीसारखा रोग तर अंड्यातूनच पिल्लांत उतरतो.

सुधारित जातींबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'वनराजा'सारख्या परसातील पालनासाठी विकसित केलेल्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली बसवावी लागतात किंवा पिल्ले विकत आणावी लागतात. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर येथे आहेत.

न फुटलेले अंडे काय सांगते

पिल्ले बाहेर पडल्यावर कोंबडी एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन टोपली सोडते आणि मागे राहिलेली अंडी गार पडतात. त्यांपैकी ज्यांतून आवाज येतो, ती लगेच दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली किंवा उबेच्या खोक्यात हलवावीत. उरलेली उकिरड्यावर फेकण्यापूर्वी फोडून पाहावीत. गर्भच नसेल तर कोंबड्याची संख्या, वय किंवा अंड्यांचा साठा तपासावा. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. पहिल्या आठवड्यात गर्भ मेला असेल तर साठवण किंवा तापमान चुकले असण्याचा संभव असतो. पूर्ण वाढलेले पिल्लू द्रवात मेलेले असेल तर आर्द्रता जास्त, आणि सुकून चिकटलेले असेल तर ती कमी, असे समजावे. वहीत चार ओळींची नोंद ठेवली तर पुढील खेपेस तीच चूक टळते. असे प्रमाण मोठे असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. अंडी हाताळल्यावर हात धुणे, विशेषतः मुलांनी, चुकवू नये.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे काम

ग्रामीण शाळेत एकवीस दिवसांची ही घटना म्हणजे विज्ञानाचा चालता-बोलता पाठ होऊ शकतो. मुलांनी अंड्यांवर तारखा घालाव्यात, सातव्या दिवशी जाळे पाहावे, विसाव्या दिवशी कानाला अंडे न लावता शेजारी बसून चिवचिव ऐकावी आणि पहिल्या तड्याची वेळ फळ्यावर लिहावी. तड्यानंतरचे चोवीस तास मोजण्याचे काम मुलांनाच दिले, तर कवचाला बोट लावण्याचा मोह आपोआप आवरतो. पंचायत सदस्यांनी महिला बचत गटांच्या बैठकीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून अंडी तपासणे, साठविणे आणि उबविणे यांची प्रात्यक्षिके घडवून आणावीत. त्यासाठी विजेरी, मडके आणि वाळू यांपलीकडे फारसा खर्च येत नाही.

अंड्याशी बसून राहणारी गृहिणी आणि तिच्या भोवती गोळा झालेली मुले यांच्या मनात असते ती खरी करुणाच. तिला ज्ञानाची जोड मिळाली, तर तळहातावर मान टाकणारे पिल्लू पुढल्या खेपेस, थोड्या उशिराने का होईना, आपल्या पायांनी कवचाबाहेर येईल आणि आईच्या पंखाखाली जाईल.